बारा घुमटांचं कुंकू

प्रवाळांना रुजायला जागा हवी म्हणून मी भोकाभोकांचे सिमेंटचे बारा घुमट डिझाइन केले. मंगळवार पेठेतल्या आमच्या शेडमध्येच ते ओतले. सिमेंट कालवणाऱ्या चिमणाबाईंनी पहिल्या घुमटाला कुंकू लावून नारळ फोडला. मग बाराही मालवणच्या समुद्रात उतरले.

वर्षानं पाणबुड्याचा व्हिडिओ आला. घुमटांवर गुलाबी प्रवाळ फुटले होते! शेडमध्ये शिट्ट्या, पेढे, नुसता दंगा.

"थांबा की," चिमणाबाई म्हणाल्या. "कुंकू बघा. अजून ताजं हाय."

ते बाराही घुमटांवर होतं.

"म्या तर एकालाच लावलतं!" त्या खदखदून हसल्या. "लेकरांस्नी तिथंबी कुणीतरी मायेचं हाय म्हणायचं."

आम्हीही हसलो.

शेवटी पाणबुड्यानं कॅमेरा स्वतःकडे वळवून हात हलवला. मास्कच्या काचेआड, त्याच्या कपाळावर, कुंकवाचं तसंच ताजं बोट होतं.