न गोठणारं रक्त

दहा मिनिटं झाली तशी डॉक्टर शुभानं मूठ उघडली. मुठीच्या उबेत धरलेली काचेची नळी तिनं तिरकी केली. एव्हाना आतलं रक्त थिजायला हवं होतं. ते पाण्यासारखं हललं.

समोर टेबलावर सुलक्षणा होती. तासाभरापूर्वी तिला मेलेलं मूल झालं होतं आणि तेव्हापासून रक्त थांबत नव्हतं. कुठे फाटलं नव्हतं, वार पूर्ण पडली होती, तरी थांबत नव्हतं. आता हिरड्यांतून येत होतं. सकाळी सुई टोचली होती तिथूनही येत होतं. बाहेर घाटकोपरच्या रस्त्यावर लख्ख दुपार होती, आणि ही बाई उघड्या डोळ्यांनी, हूं की चूं न करता, रिती होत होती.

शुभा दाराशी आली. सासू, रुक्मिणी, बाकावर बसली होती.

"मूल हलायचं कधी थांबलं?"

"काल," रुक्मिणी म्हणाली. "परवापर्यंत लाथा मारत होतं. सूनच सांगायची ना! रोज दुपारी त्याच्याशी बोलत बसायची."

शुभानं मुलाची सोलत आलेली कातडी पाहिली होती. ते काल गेलेलं नव्हतं. मेलेलं मूल महिनाभर पोटात राहिलं, तर आईचं रक्त असं गोठायचं विसरतं.

"ताजं रक्त हवं. साठवलेलं नको, त्यात गोठायचं बळ उरत नाही. तिच्या गटाची माणसं आणा, आत्ता!"

नवरा धाकू विक्रोळीला आपल्या कारखान्यात धावला आणि टेम्पो भरून माणसं घेऊन आला. पाच जणांचं जुळलं. त्यांच्या दंडातून काढलेलं कोमट रक्त तसंच सुलक्षणाला चढू लागलं. चौथ्या बाटलीनंतर शुभानं सुलक्षणाच्या रक्ताची नवी नळी मुठीत धरली. आठ मिनिटांनी सरळ उलटी केली. रक्त तळाशी घट्ट बसून राहिलं.

सुलक्षणा वाचली. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, तेव्हा शुभा तिच्या खाटेशी आली. सासू चहा आणायला गेली होती.

"बाळ महिन्याभरापूर्वीच गेलं होतं गं. तुला काहीच कळलं नाही?"

"पाच आठवडे आणि दोन दिवस," सुलक्षणा शांतपणे म्हणाली. "सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला लगेच काढून घेतलं असतंत."