तिसरी पिशवी

“एकदम मस्त!” काका आतून म्हणाले आणि दुसरी पिशवीही वाया गेली.

तंत्रज्ञ बाईंनी कपाळाला हात लावला. या खेपेला चूक त्यांचीच होती. पेशंट एमआरआयच्या यंत्रात गेला की माइकवरून “ठीक आहे ना?” विचारायचं, ही त्यांची वीस वर्षांची सवय. काकांनी पिशवीतून ओढून छातीत धरलेला वायू उत्तराबरोबर सोडून दिला. पहिल्या पिशवीला बाई गप्प होत्या, तर चौथ्या सेकंदाला काकांनीच विचारलं होतं, “अजून धरायचा का?” तेही जाड, घोगऱ्या आवाजात, कारण त्या वायूनं आवाज खाली उतरतो.

तो वायू म्हणजे झेनॉन. नुसता छातीत भरला तर यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. आधी त्याला लेझरच्या उजेडात ठेवून त्याचे अणू एका दिशेला वळवावे लागतात, मग कुठे त्याची खूण हजारो पटींनी वाढते. छातीत गेला की वीसेक सेकंदांत पुन्हा पहिल्यासारखा. एका पिशवीला चाळीस मिनिटं लागत होती. सिलेंडरमध्ये आता एकाच पिशवीपुरता उरला होता, नवा यायला तीन आठवडे होते आणि ऑपरेशन करायचं की नाही हे सर्जन उद्या सकाळी ठरवणार होते.

“दहा सेकंद हो!” बाई काकूंवरच उखडल्या. “फक्त दहा सेकंद तोंड बंद ठेवायचं. लहान मुलंसुद्धा ठेवतात. जिथे वायू पोचेल तिथे चित्र उजळेल, नाही पोचला तिथे काळं. डावं फुफ्फुस उजळलं तरच उजवं गाठीसकट काढता येईल. मी चित्र आणू कुठून?”

काकू नवऱ्याचं घड्याळ, पट्टा आणि चष्मा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “त्यांना नाही जमायचं,” त्या म्हणाल्या. “चौतीस वर्षं बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. झोपेत विचारा, गाडीची वेळ सांगतील. अख्ख्या जगाला उत्तरं. घरी मी काही विचारलं की मात्र पेपर वर. पेपर नसला तर भिंतीकडे बघतील.”

“तुम्ही विचारलं की?”

“अवाक्षर नाही. वैताग आलाय मला.”

बाई दोन क्षण त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माइकसमोरची खुर्ची ओढली. “काकू, इथे बसा. हे बटण दाबायचं आणि बोलायचं.”

“काय बोलू?”

“रोज जे विचारता ते.”

चाळीस मिनिटांनी नर्सनं तिसरी पिशवी काकांच्या तोंडाशी धरली. काकांनी वायू छातीत ओढून घेतला. नर्सनं हात वर केला, यंत्र खडखडू लागलं आणि काकूंनी बटण दाबलं.

“अहो, निघताना गॅस बंद केला होतात का?”

काका गप्प. बाई बोटांवर सेकंद मोजत होत्या.

“माझ्या भाचीकडे यायचंय की नाही?”

काका गप्प. बाईंना हसू आवरेना.

काकूंचा आवाज खाली आला. “जिन्यात दम लागायचा ना तुम्हाला? चपलेत खडा गेला म्हणून थांबायचात. रोज कुठला खडा? मला का नाही सांगितलंत?”

काका गप्पच.

“दहा!” बाई ओरडल्या. “सोडा श्वास! काकू, कमाल केलीत!”

पडद्यावर चित्र उमटलं. उजवं फुफ्फुस वरचा कोपरा सोडला तर बरंच उजळलं होतं. डाव्याला वरती अंगठ्याएवढा उजेड होता, खाली सगळं काळं. बाईंचं हसू तिथेच थांबलं.

काकूंनी पडद्याकडे बघितलं. बाईंना त्यांनी काही विचारलं नाही.

“अगं,” आतून काकांचा आवाज आला, अजून जाडच, “ते खड्याचं ना... सांगणार होतो मी तुला. ऐकतेयस ना?”

काकूंनी बटण दाबलं.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “फोटो चांगला आलाय.”