मरव्याची कुंडी

"ज्यांना दिसतच नाही, त्या मुलांना फुलं कशाला?" असं म्हणत मी यादीतल्या 'माळी' या पदावर काट मारली. अंध मुलांच्या शाळेतली अनावश्यक पदं शोधायला मला पाठवलं होतं. ऊन अंगावर आलं, तेव्हा पायऱ्यांच्या तोंडाशी असलेली कुंडी पायानेच लांब सारून मी खुर्ची सावलीत ओढली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. आठेक वर्षांची एक मुलगी व्हरांड्यातून सुसाट धावत आली आणि माझ्या डोळ्यांदेखत पायऱ्यांवरून अंगणात कोसळली. गुडघा फुटला, पण ती रडली नाही. चिडून ओरडली, "भिकामामा, मरवा कुठाय?"

म्हातारा माळी झारी टाकून धावला. तिला उठवताना माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मरव्याचा वास आला की पायरी. कढीपत्ता आला की स्वयंपाकघर. गवती चहा आला की हौद. रोज सकाळी पानं चुरगाळून ठेवतो मी."

मी दोन्ही हातांनी कुंडी उचलून जागेवर ठेवली. मुलगी पुन्हा व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि तशीच सुसाट सुटली. पायरीपाशी तिचं नाक जरासं वर झालं, पाय आपोआप आखडले आणि टणाटण उतरून ती अंगणात पसारही झाली.

मी यादी पुढे ओढून विचारलं, "मामा, तुमचं काम काय म्हणून लिहू?"

"माळीच लिहा की," तो म्हणाला. "फक्त कुंड्या हलवू नका."