दुसरी पट्टी

मदरबोर्डच्या आरजीबी पिनांना तीन अँपिअरच झेपतात, म्हणून तिथं दिव्यांची एकच पट्टी जोडायची. हे मला दादानंच शिकवलं होतं. दुकान आम्हा भावंडांचं. कॉम्प्युटर जोडायचं काम माझं.

तरी या महिन्यात तिसरा बोर्ड नेमका त्या पिनांपाशी जळून परत आला.

"हिनं दोन पट्ट्या जोडल्या असणार," दादा माझ्यादेखत गिऱ्हाइकाला म्हणाला. "सांगून सांगून थकलो बघा."

सख्ख्या भावानं मला तोंडघशी पाडलं. गिऱ्हाईक गेल्यावर मी नवा बोर्ड काढून कॉम्प्युटरच्या डब्यात बसवला.

"आता तुझ्या डोळ्यांनीच बघ."

मी एकच पट्टी जोडली, डब्याला काच बसवली आणि बटण दाबलं. पट्टी निळी उजळली.

"एवढी चिडलीस होय गं?" दादानं मागून माझ्या खांद्यांवर हात ठेवले.

समोरच्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो. काचेतला दादा खाली वाकला. माझ्याकडे बघून हसत त्यानं दुसरी पट्टी त्याच पिनांना जोडली.

डब्यातून जळका वास आला.

दादाचे दोन्ही हात अजून माझे खांदे थोपटत होते.