वाचला, छान आहे!

टिपणीसांनी लेख शेअर केला की मुलीचं, मुग्धाचं, उत्तर दोन सेकंदांत यायचं, "वाचला बाबा, छान आहे!" हल्ली प्रत्येकाच्या वतीने ॲपच वाचायचं आणि कौतुकही परस्पर करायचं. टिपणीसांच्या वतीनेही करायचं, त्यामुळे तक्रार करायला त्यांना तोंड नव्हतं.

परवा त्यांनी गुडघेदुखीवरच्या लेखाच्या मधोमध एक ओळ घुसवली, "मुग्धा, शनिवारी माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे, येशील?"

"वाचला बाबा, छान आहे!"

टिपणीस चिडले. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तिने आजवर पाठवलेले लेख त्यांनी पहिल्यांदाच उघडले. मार्चमधल्या भरताच्या लेखात वांगं भाजून सोलून झाल्यावर एक ओळ होती, "बाबा, मी आणि सुजय वेगळे झालोय. चार दिवस तुमच्याकडे येऊ का?"

खाली त्यांचं उत्तर होतं, "वाचला गं, छान आहे!"