पाचचा पहारा

हरिनाम सप्ताहात वीणा एकदा गळ्यात घेतली, की पुढच्या माणसाच्या हाती दिल्याशिवाय देवळातून हलता येत नाही. कोऱ्हाळ्यातल्या महिपतीआबांचा पहारा पाचला संपणार होता, आणि पाच वाजून पाच मिनिटांनी त्यांचा मुलगा रविराज तिकडं परदेशात, जागतिक स्पर्धेत अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायची तीन हजार मीटरची शर्यत पळणार होता. सगळा साडेआठ मिनिटांचा खेळ! अख्खं गाव देवळामागं टीव्हीपुढं जमलं होतं.

पाच वाजून गेले, तरी पुढचा विणेकरी ज्ञानेश येईना. आबांच्या मुखी नाम होतं, पण कान सगळे मागं.

"पळ रं रव्या, पळ!" गाव ओरडत होतं. मग एकदम बायका किंचाळल्या आणि सगळं चिडीचूप झालं.

"आरं, काय झालं? कुनीतरी सांगा की रं!" आबा दारापर्यंत येऊन कळवळून ओरडले. कुणी फिरकलं नाही. पाऊल उंबऱ्याबाहेर पडू पाहत होतं, पण गळ्यात वीणा होती.

सव्वापाचला ज्ञानेश पळत आला आणि आबांच्या पायावर कोसळला.



"चुकलं आबा! रविराज पाण्याच्या खड्ड्यात पडला हुता. त्यो उठून, लंगडत शेवटपर्यंत पळंस्तवर मला जाग्यावरनं हलवंनाच बगा."