अर्थिंगचा बंदोबस्त

इमारतीच्या सुरक्षेत सेक्रेटरी वामनराव तसूभरही ढिलाई खपवून घेत नसत. तरी यंदा बेसा भागातल्या त्यांच्या बिल्डिंगमधले लोखंडी कूलर घरोघरी झटके मारायला लागले.

“पाणी टाकता टाकता फेकल्या गेली जी मी!” त्यांच्या पत्नी शामलाबाई कळवळल्या.

“रबरी चप्पल घालत जा ना वं,” वामनराव म्हणाले.

शेवटी इलेक्ट्रिशियन दुर्गेशने खाली जाऊन अर्थिंगचा खड्डा उघडला. “काकाजी, करंट जमिनीत नेणारी तांब्याची तारच नाही ना इथं! चोरानं नेली वाटते.”

“चोराची काय हिंमत हाय गा? मी काहून बसलो इथं?”



शेजारच्या बिल्डिंगची तार चोरीला गेली, त्याच दिवशी वामनरावांनी आपली कापून घरच्या कपाटात कुलूपबंद ठेवली होती.